विश्लेषण : घरच्या कॅमेऱ्याच्या ‘क्लाउड’ प्लॅनसाठी दरमहा पैसे भरावेत का?

घरफोडीच्या बातमीत हल्ली एक वाक्य वारंवार वाचायला मिळते : ‘चोरट्यांनी जाताना सीसीटीव्हीचा डीव्हीआरही पळवला.’ डीव्हीआर म्हणजे डिजिटल व्हिडिओ रेकॉर्डर. टीव्हीच्या खाली किंवा दुकानात गल्ल्यामागे ठेवलेला तो काळा डबा. कॅमेरे चार असोत की आठ, त्यांनी टिपलेले सगळे या एका डब्यात असते. डबा गेला की पोलिसांना दाखवायला काही उरत नाही. नव्या वायफाय कॅमेऱ्यांनी हा डबा घरातून हद्दपार केला आणि त्याची जागा नखाएवढ्या मेमरी कार्डाला दिली. सोबत ॲपवर सतत डोकावणारी एक सूचनाही आली : ‘क्लाउड प्लॅन घ्या.’ कॅमेरा विकत घेतला असताना पुन्हा दरमहा पैसे कशासाठी, हा प्रश्न त्यामुळे अनेक घरांत विचारला जात आहे.

पैसे नेमके कशाचे?

कॅमेऱ्याचे थेट चित्र मोबाइलवर पाहणे आणि हालचाल झाली की सूचना मिळणे या दोन गोष्टी बहुतेक कॅमेऱ्यांत फुकट असतात. सगळ्यांत नव्हे. अमेरिकेत घरोघरी दिसणाऱ्या ‘रिंग’च्या दारावरच्या कॅमेऱ्यांत वर्गणी भरली नाही तर थेट चित्र दिसते, पण मागचे काही साठत नाही. आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच वायफाय कॅमेऱ्यांत मात्र कार्डाची खाच असते. त्यात कार्ड घातले की वर्गणीशिवाय रेकॉर्डिंग होते.

मग वर्गणी भरून मिळते काय? माणूस ओळखणे, पार्सल ओळखणे, असे बरेच काही जाहिरातीत असते. त्यातले खरे कामाचे एकच : रेकॉर्डिंगची एक प्रत घराबाहेर, कंपनीच्या सर्व्हरवर जाते. चोराने कॅमेरा उपटून नेला तरी उपटायला आलेला हात आणि चेहरा तोवर घराबाहेर पोहोचलेला असतो. बाकीच्या सोयी नसल्या तरी बहुतेकांचे चालते.

कार्डावर किती दिवस मावतात?

इथे थोडे गणित करायला हवे, कारण फसगत इथेच होते. फुल एचडी कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट या वेगाने चित्रण करतो असे धरू. तासाला ९०० एमबी होतात आणि दिवसाला सुमारे साडेएकवीस जीबी. म्हणजे ६४ जीबीचे कार्ड जेमतेम तीन दिवसांत भरते, १२८ जीबीचे सहा दिवसांत. कार्ड भरले की कॅमेरा थांबत नाही, सर्वांत जुने चित्रण पुसून त्यावर नवे लिहितो. एच.२६५ ही नवी पद्धत असलेला कॅमेरा असेल तर जागा जवळपास निम्मी लागते आणि दिवस दुप्पट होतात. डीव्हीआरलाही हेच लागू : एक टीबीची डिस्क आणि चार कॅमेरे असतील तर याच वेगाने साडेअकरा दिवस.

आता गणपतीसाठी कोकणात गेलेले मुंबईचे एखादे कुटुंब घ्या. घर दहा दिवस बंद. दुसऱ्याच रात्री कुलूप तुटले, शेजारीही गावी गेलेले असल्याने कुणाच्या लक्षात आले नाही. दहाव्या दिवशी परत येऊन ६४ जीबीचे कार्ड पाहिले तर त्यात शेवटच्या तीन दिवसांचा रिकामा जिना असेल. कॅमेरा चालू होता, कार्डही ठीक होते, चोरी मात्र पुसली गेली. सात दिवसांच्या क्लाउड प्लॅनचीही तीच गत. प्लॅन कितीचा, यापेक्षा तो किती दिवसांचा हे आधी पाहावे ते याचसाठी. घर एका वेळी जास्तीत जास्त जितके दिवस बंद राहते, त्याहून साठवण अधिक हवी.

यावर वर्गणीविनाही उपाय आहे. सतत रेकॉर्डिंग बंद करून ‘फक्त हालचाल असताना’ हा पर्याय निवडला तर तेच कार्ड कित्येक आठवडे पुरू शकते. बंद दारासमोरच्या शांत जिन्यात हा पर्याय चांगला चालतो. रस्त्याकडे तोंड असलेल्या कॅमेऱ्यात चालत नाही, कारण प्रत्येक रिक्षा आणि प्रत्येक कुत्रे ही त्याच्या लेखी हालचालच.

मग कोणाला गरज आहे?

कॅमेरा हाताला येईल इतक्या उंचीवर, दाराबाहेर किंवा कंपाउंडच्या भिंतीवर असेल आणि घर वरचेवर बंद राहत असेल, तर वर्गणी घ्यावी. गावचे बंद घर, शेतावरची खोली, मुले परदेशात आणि आई-वडील अधूनमधून त्यांच्याकडे, अशा घरांना घराबाहेरच्या प्रतीचा खरा उपयोग आहे. रात्री शटर ओढून जाणाऱ्या दुकानदारालाही. उलट, घरात कायम कुणीतरी आहे, कॅमेरा स्वयंपाकघरात पाळण्याकडे किंवा आजीच्या खाटेकडे रोखलेला आहे, तिथे थेट चित्र आणि कार्ड एवढे पुरते. इथे वर्गणी हा वाया जाणारा खर्च आहे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

खर्चाचा अंदाज महिन्यावर करू नये. समजा, प्लॅन महिन्याला १५० रुपयांचा आहे. तीन वर्षांत ५,४०० रुपये होतात आणि ते बहुधा एका कॅमेऱ्याचे असतात. दोन कॅमेरे असले की कित्येक प्लॅनमध्ये दुप्पट. इतक्या पैशांत कॅमेऱ्याची किंमतही निघून जाते. कार्डाचा खर्च एकदाचा. मात्र कॅमेऱ्यासाठी ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेले कार्ड घ्यावे. साधे कार्ड दिवसरात्र लिहून लवकर थकते आणि बंद पडल्याचे अनेकदा गरज लागते त्याच दिवशी कळते.

आणखी एक छुपा खर्च इंटरनेटचा. सतत चित्रण क्लाउडवर पाठवले तर वर सांगितलेल्या हिशेबाने एका कॅमेऱ्याचे महिन्याला सुमारे ६५० जीबी होतात. महिन्याला १००० जीबीची मर्यादा असलेल्या कनेक्शनचा दोनतृतीयांश डेटा कॅमेराच खाईल. गावच्या घरी सिमकार्डवर कॅमेरा असेल तर रोजचा दीड जीबी पावणेदोन तासांतच संपेल. अशा ठिकाणी हालचालीपुरत्या छोट्या क्लिप पाठवणारा प्लॅनच परवडतो.

वीज गेली, वायफाय बंद पडले तर?

क्लाउडची दुखरी नस हीच. वीज गेली की कॅमेरा आणि राउटर दोन्ही झोपतात आणि त्या वेळचे काहीच साठत नाही, पैसे भरलेले असोत वा नसोत. फक्त राउटर बंद पडला आणि कॅमेऱ्याला वीज असेल, तर कार्डावर रेकॉर्डिंग सुरू राहते. म्हणून वर्गणी घेतली तरी कार्ड काढू नये. भारनियमनाच्या भागात क्लाउडच्या आधी कॅमेरा आणि राउटर इन्व्हर्टरवर घेणे जास्त महत्त्वाचे.

कंपनीनेच हात वर केले तर?

असे घडलेले आहे. ॲमेझॉनने ‘क्लाउड कॅम’ची सेवा २ डिसेंबर २०२२ रोजी थांबवली. गूगलने ‘ड्रॉपकॅम’चा आधार ८ एप्रिल २०२४ पासून काढून घेतला. कॅमेरे धडधाकट होते, पण सेवा संपताच निरुपयोगी झाले. त्यामुळे कार्डाची खाच नसलेला, फक्त क्लाउडवर चालणारा कॅमेरा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. वार्षिक प्लॅन स्वस्त पडतो, पण नव्या, फारशा न ऐकलेल्या ब्रँडला एकदम तीन वर्षांचे पैसे देण्यात शहाणपण नाही.

खासगीपणाचाही मुद्दा आहे. ‘रिंग’च्या कर्मचाऱ्यांना ग्राहकांचे खासगी चित्रण पाहता येत होते, असा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये केला आणि कंपनीने ५८ लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवले. झोपायच्या खोलीतला कॅमेरा क्लाउडला जोडू नये, हे सांगायला यापेक्षा वेगळे कारण नको.

पुरावा म्हणून चालते का?

चालते, पण चित्रण कसे दिले जाते यावर बरेच ठरते. जालना विधानसभा निवडणुकीच्या वादातून सर्वोच्च न्यायालयात पोहोचलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी निकाल लागला. मूळ उपकरणच न्यायालयात हजर केले तर वेगळे प्रमाणपत्र लागत नाही, प्रत द्यायची असेल तर ते अनिवार्य, असे त्यात स्पष्ट झाले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्राची तरतूद आहे आणि त्यात फाइलची ‘हॅश व्हॅल्यू’ नोंदवावी लागते. कार्ड हे मूळ माध्यम म्हणून काढून पोलिसांना देता येते. क्लाउडवरच्या चित्रणाचा सर्व्हर घरमालकाच्या हातात नसतो, हाती येते ती डाउनलोड केलेली प्रत.

म्हणून घटना कळताच ॲपमधून ती क्लिप मूळ स्वरूपात डाउनलोड करावी. मोबाइलच्या पडद्याचे रेकॉर्डिंग किंवा व्हॉट्सॲपवरून फिरलेली क्लिप पुरेशी मानू नये. त्यात दर्जा घसरतो. वर्गणीची मुदत संपली की जुने चित्रण पुसले जाऊ शकते, तेव्हा तपास सुरू असताना प्लॅन बंद करू नये.

घ्यायचे ठरलेच तर…

बहुतेक कंपन्या काही दिवसांची मोफत चाचणी देतात. ती घेताना कार्ड किंवा यूपीआयवर ऑटोपेची परवानगी दिली जाते आणि चाचणी संपली की पैसे आपोआप कापले जातात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशी रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी. १५,००० रुपयांपर्यंत दर वेळी ओटीपी मात्र लागत नाही. एसएमएसच्या गर्दीत ही सूचना हरवते. नको असेल तर यूपीआय ॲपच्या ऑटोपे विभागात जाऊन परवानगी रद्द करावी. कॅमेऱ्याचे ॲप मोबाइलमधून काढून टाकले म्हणून वर्गणी थांबत नाही.

चाचणीच्या दिवसांत एक प्रयोग जरूर करावा. रात्री दिवे घालवून कुणाला तरी दारापर्यंत चालत यायला सांगावे, तो दारात पोहोचताच कॅमेऱ्याची वायर काढावी आणि क्लाउडवर काय पोहोचले ते पाहावे. काही कॅमेरे हालचाल ओळखून क्लिप पाठवेपर्यंत माणूस चौकटीतून निघून गेलेला असतो. चेहरा ओळखू येत नसेल तर आधी कॅमेऱ्याची जागा बदलावी आणि मगच पैसे भरायचे की नाही ते ठरवावे.