बाईंच्या घरचा गणपती

सभागृह भरलंय. उशिरा आलेले भिंतीला टेकून उभे आहेत. व्याख्यानाचा विषय ‘माझी श्रद्धा, माझं संशोधन’. बाई पाठचिकित्सेच्या अभ्यासक, आयुष्य पोथ्यांत गेलेलं. पुढ्यात टिपणं आहेत, पण नजर समोर.

बोलणं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीवर आलंय. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ साली सुरू झालेलं हे काम १९६६ मध्ये पुरं झालं. शारदा, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतल्या पोथ्या ओळीओळीने ताडून पाहिल्या गेल्या. “त्यात व्यासांचा लेखनिक गणपती आदिपर्वाच्या परिशिष्टात गेला,” बाई सांगतात, “आणि द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावा तळटीपेत.”

चुळबुळ होते. तिसऱ्या रांगेतले एक आजोबा उठतात. “बाई, तुमच्या घरी गणपती बसतो का हो?”

“बसतो की. दीड दिवसाचा. मोदक मीच वळते.”

हशा ओसरेपर्यंत बाई थांबतात. “पोथी उघडली की मला हवं तेच तिच्यात सापडावं, असा हट्ट मला धरता येत नाही. जुन्या पोथ्यांत गोष्ट नाही, तर नाही. पुढे कुणीतरी ती भक्तीने घातली. ती भक्तीही खरीच, म्हणून तर संपादकांनी ती पुसली नाही, तळाशी जपून ठेवली. आजी तो धावा म्हणायची, मला रडू यायचं. तळटीपेत पाहिला तेव्हा रागच आला. मग वरचा पाठ वाचला. वस्त्रं येत राहतात. कुठून, ते सांगितलेलंच नाही. आणि द्रौपदीचा प्रश्न तसाच उभा: आधी स्वतःला हरलेला नवरा मला पणाला लावतो कसा? त्या प्रश्नासाठी मी हे काम करते.”

अभ्यासकाने श्रद्धा घरी ठेवून यावं, असं आपल्याकडे मानतात. बाई ती सगळ्यांसमोर मांडतात, म्हणूनच त्यांच्या निवाड्यावर माझा विश्वास बसतो.

मागून एक विद्यार्थिनी विचारते, “पण पाठ ठरवणाऱ्याने अर्थ सांगायला जावं का?”

“सुकथनकर गेले ना! १९२५ पासून प्रमुख संपादक, अक्षराअक्षराला पुरावा मागणारे. त्यांनीच शेवटी मुंबईत महाभारताच्या अर्थावर व्याख्यानं दिली. चौथं व्हायच्या आधीच, १९४३ च्या जानेवारीत, ते गेले. चारही छापलेली आहेत. वाच, आणि पटणार नाही तिथे माझ्याशी भांडायला ये.”