संगणक अडून बसतो तेव्हां

संगणक आतां आमच्या बहुतेक वाचकांच्या घरीं घरच्या माणसासारखाच वावरतो. वीजबिल त्यावर, मुलांचे अर्ज त्यावर, परगांवीं असलेल्या लेकीसुनांचीं छायाचित्रेंही त्यावरच. असा हा कामाचा गडी रात्रीं नीट निजावा आणि सकाळीं पाहावें तों उठूंच नये, ह्यानें घरांत केवढी धांदल उडते तें ज्याच्यावर प्रसंग आला असेल त्यासच ठाऊक. गेल्या श्रावणांत तो आमच्यावर आला.

आदल्या रात्रीं बंद होतांना संगणकानें नवी सुधारणा, म्हणजे मुलें जिला 'अपडेट' म्हणतात ती, बसवून घेतली होती. सकाळीं कळ दाबली तों नेहमींचें चित्र नाहीं. सारा पडदा निळा, आणि त्यावर अठ्ठेचाळीस अंकांची किल्ली मागणारी एक रिकामी चौकट. असली कांहीं किल्ली असते हें घरांत कोणी ऐकलेंही नव्हतें. सूनबाईंनीं नेहमींचा पासवर्ड घालून पाहिला, व्यर्थ. शेवटीं यंत्र उचलून दुरुस्तीवाल्याकडे नेलें. त्यानें चौकट पाहतांच सांगितलें, "किल्ली नसेल तर सगळें पुसून नव्यानें भरावें लागेल." आम्ही 'बरें' म्हणून, दोन दिवसांनीं यावयाचें ठरवून, घरीं आलों. हकीकत सांगतांच वहिनींनीं एवढेंच विचारलें, "आणि ह्यांचा आवाज?"

आमचे ज्येष्ठ बंधु दादा हे आज हयात नाहींत. आजारपणांत त्यांनीं नातवंडांना रघुवंशाचे पहिले दोन सर्ग अन्वयासह समजावून दिले, ते थोरल्या नातीनें ध्वनिमुद्रित करून ठेवले होते. ते ह्याच संगणकांत होते, अन्यत्र कोठेंही नव्हते. आम्हीं तसेच माघारीं जाऊन पुसण्याचें काम थांबविलें.

येथें यंत्राच्या पोटांत थोडें डोकावणें अवश्य आहे. विंडोज प्रणालीच्या नव्या संगणकांत डिस्कवरील मजकूर कूटलिपींत ठेवण्याची सोय असते. तिचें नांव बिटलॉकर. ती पुष्कळदां मालकास न कळतांच चालू झालेली असते. कूट उलगडणारी किल्ली टीपीएम नांवाच्या एका चिपेच्या स्वाधीन असते. ही चिप जुन्या वाड्यावरील देवडीवाल्यासारखी समजावी. यंत्र जागें होतांना कोणता भाग कोणत्या क्रमानें पुढें आला हें ती रोज पाहते, आणि सर्व ओळखीचे दिसले तरच किल्ली हातीं देते. सुधारणेनें त्यांतील एखादा भाग पालटला तर ती किल्ली अडवून धरते व मालकाकडे राखीव किल्ली मागते. हा बिघाड नव्हे, पहारा आहे. पण घरांतल्या माणसास फरक कसा कळावा? जुलै २०२४ च्या मासिक सुधारणेनंतर आणि पुनः मे २०२५ मध्यें कित्येक संगणकांवर ही चौकट अकारण उमटली, तेव्हां मायक्रोसॉफ्टला पुढें दुरुस्ती धाडावी लागली.

आतां राखीव किल्ली असते कोठें? ज्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यानें संगणक प्रथम मांडला, बहुधा त्याच्या खात्यांत. आमचा संगणक मांडला पुतण्यानें, आणि तो आज जर्मनींत! दुपारीं त्यास दूरध्वनि केला. तो म्हणाला, "काका, पडद्यावर किल्लीची ओळखखूण आहे, तिचीं पहिलीं आठ अक्षरें वाचा." तीं जुळणारी किल्ली त्याच्या खात्यांत निघाली. सहा सहा अंकांचे आठ गट त्यानें सावकाश सांगितले, नातवानें घातले, आणि यंत्र कांहींच न घडल्याप्रमाणें सुरू झालें. पहिलें काम केलें तें दादांच्या मुद्रणाची प्रत वेगळ्या डिस्कवर घेण्याचें.

दुरुस्तीवाल्यास आम्ही बोल लावीत नाहीं. किल्ली खरोखरच हरवली असेल तर ती मायक्रोसॉफ्टकडूनही नव्यानें मिळत नाहीं, आणि पुसण्यावांचून मार्ग उरत नाहीं. परंतु तो शेवटचा मार्ग.

किल्लीची चौकट न येतां यंत्र नुसतेंच अडखळत असेल तर प्रथम थांबावें. टक्के मोजणारा पडदा तासभर रेंगाळला तरी वीज तोडूं नये. भारनियमनाच्या गांवीं तर असलें काम वेळ पाहूनच हातीं घ्यावें. मागाहून जोडलेल्या वस्तु, छपाईयंत्र, पेन ड्राइव्ह, काढून पुनः सुरू करून पाहावें. लागोपाठ सुरू होण्यांत फसल्यावर विंडोज बहुधा स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखविते. त्यांत 'ट्रबलशूट' व पुढें 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' ह्यांत शिरलें कीं 'स्टार्टअप रिपेअर' आणि 'अनइन्स्टॉल अपडेट्स' हे दोन उपाय सांपडतात. दुसऱ्यानें नुकतीच बसविलेली सुधारणा काढतां येते. तेथेंच 'रिसेट' म्हणून एक सोपा दिसणारा उपाय असतो. त्यांतील 'सर्व काढून टाका' ह्या पर्यायास घाईंत बोट लागूं देऊं नये.

चूक मोठ्यांकडूनही होते. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक ह्या अमेरिकन कंपनीनें आपल्या संरक्षक प्रणालीसाठीं एक लहानशी फाइल जगभर धाडली. प्रणाली वीस रकान्यांची माहिती पुरवीत होती. नव्या फाइलीनें एकविसावा रकाना वाचावयास लाविला. नसलेली जागा वाचूं जातांच यंत्रें कोसळलीं. भारतीय वेळेनें सकाळीं ९-३९ ला सुटलेली फाइल १०-५७ ला मागें घेतली, पण तेवढ्यांत, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानें, सुमारें ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवूं लागले. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांस हस्तलिखित प्रवेशपत्रें मिळालीं! उपाय होता 'सेफ मोड'मध्यें शिरून ती एक फाइल पुसण्याचा. तथापि त्यासाठीं बहुतेक ठिकाणीं यंत्रा-यंत्रापाशीं माणूस जावा लागला, आणि डिस्क कूटलिपींत असेल तेथें त्यालाही आधीं तीच अठ्ठेचाळीस अंकी किल्ली हवी होती.

आमची किल्ली आतां दोन कागदांवर आहे. एक घराच्या खरेदीखताशेजारीं लोखंडी कपाटांत, दुसरा थोरल्या लेकीकडे नागपुरास. ह्या किल्लीचा प्रत्येक गट अकरानें निःशेष भागला जातो असें पुतण्यानें बोलतां बोलतां सांगितलें होतें. जुन्या संवयीनें आम्ही पाटी घेऊन भागाकारास बसलों. पांचव्या गटांत बाकी उरली. वहिनींनीं चष्मा लावून दोन्ही कागद ताडून पाहिले. सहाच्या जागीं आम्हीं नऊ लिहिला होता.