दसऱ्यानंतरचे कार्नेशन

सकाळी ७. पुण्यातल्या ओळखीच्या बंगल्यात आलो की आधी शेंडे खुडून घेतो. रात्रभर पाणी पिऊन कांड्या ताठ असतात. शेंडा दोन बोटांत धरून वाकवला की पेरावर टचकन मोडतो. ऊन चढल्यावर तोच नुसता लवतो आणि साल ओरबाडली जाते. नव्या रोपांवर पानांच्या सहा जोड्या आल्यात. शेंडा गेला की खालच्या पेरांतून फुटवे येतील. फुलं लांबतील, पण झाड भरेल.

८. आता जुनी झाडं. लोळलेली, मध्ये उघडी पडलेली.

"काका, गुलाबासारखी बुडापासूनच घ्या की!" ताई म्हणाल्या.

"गुलाबाचं जुनं लाकूड फुटतं, ताई. याचं बहुतेक वाळतंच."

म्हणून कांडी खालून वर वाचत जायची. तपकिरी, पानं झडलेला भाग सोडायचा. हिरवी पानं सुरू झाली की दोन-तीन जोड्या राखून पेराच्या जरा वर सिकेटर चालवायचं. एका वेळी झाडाचा तिसरा हिस्सा, जास्त नाही. प्रत्येक झाडानंतर पातं स्पिरिटने पुसायचं.

९.३०. एक झाड एकाच बाजूने पिवळं पडलेलं. कांडी उभी चिरली तर आत तपकिरी रेघ. फ्युजेरियमची मर. हिची बुरशी मातीत वर्षानुवर्षं टिकते, तेव्हा मुळासकट, भोवतालच्या मातीसकट पिशवीत. कंपोस्टच्या खड्ड्यात मुळीच नाही. त्या जागी आता झेंडू लावू.

१०.३०. खरं नवं झाड इथून मिळतं. कार्नेशन दोनेक वर्षांत थकतंच, छाटणीने फार तर थोडी मुदत वाढते. त्यामुळे कळी न धरलेले, निरोगी बाजूचे फुटवे निवडतो. बोटभर लांब. पेराच्या लगेच खाली काप, खालची पानं काढलेली. पानावरची निळसर भुकटी अंगठ्याला लागते. टोक मुळं फुटायच्या पावडरीत बुडवून कोकोपीट-पर्लाइटच्या ट्रेमध्ये खोचायचं. सावली आणि हलका फवारा. साधारण तीन आठवड्यांत मुळं धरतात. चिखल केला तर बुडच कुजतं.

दुपारी जेवण, डुलकी.

४. कळ्या. एका दांड्यावर एकच मोठं फूल हवं असेल, तर वाटाण्याएवढ्या झालेल्या बाजूच्या कळ्या काढायच्या. स्प्रे जातीत उलटं, मधली कळी काढायची. दिवसा ऊन, रात्री गारठा असला की कळीचा हिरवा पेला फाटतो आणि पाकळ्या एका बाजूला लोंबतात. पॉलिहाऊसवाले त्यासाठी कळीला रबर चढवतात. घरच्या बागेत एवढा खटाटोप कोण करणार! फाटलेलं फूलही फुलदाणीत छान दिसतं.

५.३०. पाणी सकाळीच दिलंय. संध्याकाळी पानं ओली ठेवायची नाहीत. खत नवे फुटवे दिसल्यावर. ट्रे जिन्याखाली उजेडात ठेवून ताईंना फवाऱ्याची बाटली दिली. उद्या शेजारच्या बंगल्यात गुलाब आहेत, तिथे हात सढळ चालेल.