भार न वाढविता बळ : लहान लाकडी होडीच्या दुरुस्तीची मीमांसा

बळकटी म्हणजे जाडी, ही समजूत लोकव्यवहारात रूढ आहे. घराच्या भिंतीपुरती ती फारशी बाधक ठरत नाही. होडीच्या बाबतीत मात्र ती घातक ठरते. कोकणच्या पुळणीवर ओढून ठेवावयाची होडी चौघांच्या हातांनी भरतीच्या रेषेपलीकडे नेता आली पाहिजे. शिवाय वाढलेला प्रत्येक किलोग्रॅम ती पाण्यात अधिक बुडवितो. पाण्याच्या पातळीवर सुमारे 4 चौरस मीटर क्षेत्र व्यापणारी होडी दर 41 किलोग्रॅम भारामागे समुद्रात 1 सेंटिमीटर खाली जाते. दुरुस्तीत 120 किलोग्रॅमची भर पडली, तर पाण्यावरचा काठ जवळजवळ 3 सेंटिमीटरांनी उतरतो. आणि लाट आत येते ती काठावरूनच.

होडीचे बळ कशात असते, याचे उत्तर तिच्या अवयवांच्या परस्परसंबंधात आहे. तळाशी लांबवर जाणारे पठाण, त्याला आडवे जोडलेले वांक आणि वांकांवर बसविलेल्या फळ्या मिळून आघात वाटून घेतात. ‘वांक’ या शब्दातच वक्रता अभिप्रेत आहे. निसर्गतः वाकलेल्या फांदीपासून तो घडविण्याची जुनी पद्धत निर्हेतुक नव्हती. लाकडाची ताकद त्याच्या तंतूंच्या दिशेने सर्वाधिक असते. तंतू वळणाबरोबर वळले, तर कमी जाडीतही वांक टिकतो. सरळ फळीतून कापून काढलेल्या वांकात ते मध्येच तुटतात आणि तेथेच तडा जातो. तेव्हा जीर्णोद्धाराचे सूत्र असे, की नवे द्रव्य भरण्यापूर्वी खंडित झालेले सातत्य पूर्ववत करावे.

पहिली पायरी वाळविण्याची आहे. पूर्णतः शुष्क स्थितीत 100 किलोग्रॅम भरणारे लाकूड 30 टक्के ओलाव्यास 130, तर 15 टक्क्यांस 115 किलोग्रॅम भरते. म्हणजे केवळ सावलीत, सावकाश वाळविल्याने 15 किलोग्रॅम भार उतरतो. उन्हात घाई केल्यास फळ्या तडकतात. यानंतर टोकदार हत्याराने कुजकी जागा शोधावी. कूज बहुधा खाऱ्या पाण्याने नव्हे, तर आत साचलेल्या पावसाच्या पाण्याने होते; म्हणून टोकांचे कोपरे आणि वांकांखालील सांदी प्रथम तपासाव्यात.

मोडलेल्या वांकास लोखंडी पट्टी ठोकणे हा सोपा वाटणारा उपाय होय. परंतु सागाच्या मानाने लोखंड आकारमानास सुमारे बारापट जड असते, आणि खाऱ्या हवेत ते गंजून भोवतालचे लाकूडही नासविते. त्याऐवजी 3-4 मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या वळणावर वाकवून इपॉक्सीने एकमेकींस चिकटविल्यास तंतू अखंड राहतात. फळीचा कुजलेला तुकडा काढल्यावर नवा तुकडा तिरप्या सांध्याने जोडावा. सांध्याची लांबी जाडीच्या आठपट, म्हणजे 20 मिलिमीटर फळीस 160 मिलिमीटर, ठेवावी. तंतूंच्या आडव्या छेदास डिंक नीट धरत नाही. लांब उतारामुळे चिकटण्यास तंतूंची बाजू मिळते आणि मागून ठिगळ लावावे लागत नाही.

संपूर्ण होडीस बाहेरून काचतंतूचे आवरण देण्याचा मोहही टाळावा. सुट्या फळ्या पाण्यात फुगतात व उन्हात आक्रसतात. आवरण त्यांच्याबरोबर हलत नाही. ते सुटते, आणि आत शिरलेला ओलावा तेथेच कोंडून कूज वाढवितो. याच कारणास्तव फटींतील काथ्याही फार ठासून भरू नये, कारण फुगलेल्या फळ्यांना सरकण्यास जागा उरली नाही, तर त्या वांकांवरून सुटू लागतात.

प्रत्यक्ष बळकटी आवश्यक असेल, तेथे जाडीपेक्षा मांडणी बदलावी. 20 मिलिमीटर चौरस छेदाची पट्टी आणि 10 मिलिमीटर रुंद, 40 मिलिमीटर उंच पट्टी यांचे वजन समानच. परंतु दुसरी उभी बसविल्यास वाकण्यास चौपट विरोध करते, कारण हा विरोध उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो.

काढलेला प्रत्येक तुकडा आणि बसविलेला प्रत्येक तुकडा तोलून त्यांची नोंद ठेवणे, ही या कामातील सर्वांत साधी शिस्त होय. दोन्ही बाजूंचा हिशेब जुळला आणि तंतूंचे सातत्य साधले, म्हणजे होडी जुन्याच वजनात पुन्हा समुद्रास सामोरी जाण्यास समर्थ होते.