सुई कोणाच्या हाती?

आरोग्यसेवेतल्या नेतृत्वाबद्दल मराठीत जे लिहिले गेले आहे, त्याचा मोठा भाग चरित्रपर आहे. शहरातली किंवा परदेशातली प्रॅक्टिस नाकारून जामखेड, गडचिरोली, हेमलकसा, मेळघाट गाठणारी डॉक्टर दांपत्ये, सुरुवातीची हालअपेष्टांची वर्षे, गावकऱ्यांचा हळूहळू बसलेला विश्वास आणि मग सन्मान. हे लेखन खरे आहे, ते वाचून कितीतरी तरुण या वाटेला लागले आहेत. पण त्यात त्यागावर इतका भर असतो की कामाची रीत मागे पडते. सुखसोयी सोडून आडगावी दवाखाना थाटणारे डॉक्टर या देशात पिढ्यान्‌पिढ्या होते. त्यांनी असंख्य रुग्ण बरे केले, तरी प्रत्येकाच्या पंचक्रोशीतले बालमृत्यू उतरले असे झाले नाही. जामखेडला आणि गडचिरोलीला ते उतरले, आणि दोन्हीकडे एक गोष्ट समान होती. तिथल्या डॉक्टरांनी शहर सोडले तसाच आपल्या पेशाचा मक्ताही सोडला. औषधाचे ज्ञान, निदानाचे कसब आणि कोणता प्रश्न आधी सोडवायचा हे ठरवण्याचा हक्क त्यांनी अशा माणसांच्या हाती दिला, ज्यांना तोवर फक्त रुग्ण म्हणून मोजले जात होते. सर्वांना सामावून घेणाऱ्या नेतृत्वाची चर्चा हल्ली व्यवस्थापनाच्या वर्गात सौजन्याचा विषय म्हणून होते. माझे म्हणणे असे की आरोग्याच्या क्षेत्रात तो जगण्यामरण्याचा विषय आहे, आणि त्याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे.

रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले. त्या दुष्काळी तालुक्यात १९७१ च्या सुमारास हजार जिवंत जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत होती. आरोळ्यांनी आधी शिकलेल्या परिचारिका गावांत ठेवून पाहिल्या, पण बाहेरून आलेल्या त्या मुली गावात रुळल्या नाहीत आणि गावानेही त्यांना आपले मानले नाही. मग गावातल्याच बायका निवडल्या गेल्या. बहुतेक निरक्षर, कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, मुक्काम करत, अतिसारात साखरमिठाचे पाणी कसे द्यायचे, गरोदर बाईला काय विचारायचे, बाळंतपणाला हात आणि पाते स्वच्छ का लागते हे शिकत आणि शिकलेले गावात जाऊन सांगत. शिकण्याइतकेच तिथे राहणेही महत्त्वाचे होते. वेगवेगळ्या जातींच्या त्या बायकांनी एकत्र जेवायचे आणि झोपताना अनेक पांघरुणे जोडून शिवलेल्या एकाच मोठ्या पांघरुणाखाली झोपायचे, असा प्रघात तिथे पडला. गावात कूपनलिका घ्यायची वेळ आली तेव्हा आरोळ्यांनी दलित वस्तीतच पाणी शोधायला सांगितले, म्हणजे सगळ्या गावाला पाण्यासाठी तिथे यावे लागेल. समतेवर भाषण न देता घेतलेला हा निर्णय होता. नेता सच्चा आहे की नाही याची परीक्षा माझ्या मते अशाच ठिकाणी होते: त्याचे बोलणे पाण्याच्या, जेवणाच्या आणि पैशाच्या व्यवहारात उतरते का? १९९० च्या दशकात जामखेडच्या गावांतला बालमृत्यूदर विशीच्या आसपास आला होता. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये काढलेल्या ग्रंथात या कामावर प्रकरण होते आणि १९७८ च्या अल्मा आटा परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेची जी कल्पना मांडली गेली तिच्या पाठीशी जामखेडसारखे अनुभव होते.

गडचिरोलीचा अनुभव अधिक बोलका आहे, कारण तिथे अधिकार सोपवण्याचा परिणाम शास्त्राच्या कसोटीवर मोजला गेला. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ च्या सुमारास तिथे ‘सर्च’ या संस्थेचे काम सुरू केले. त्यांच्या पहिल्या अभ्यासांपैकी एक सिकलसेलवर होता. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचा विषय, पण लोकांना तो आपला प्रश्न वाटत नव्हता. कोणता आजार मोठा हे डॉक्टरने ठरवायचे की ज्याला दुखते त्याने, हा प्रश्न तिथे उभा राहिला. पुढची दिशा त्यातून बदलली. राणी बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली तेव्हा ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले, आणि यापूर्वी अशी तपासणी झालेल्या बायका जेमतेम ८ टक्के होत्या. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या या निबंधाने जगाचे लक्ष वेधले. त्या काळात ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन असे समीकरण होते. बायका जे सहन करत होत्या ते कोणत्याच कार्यक्रमात नव्हते, कारण कार्यक्रम ठरवणाऱ्या टेबलाशी त्या नव्हत्या. दवाखाना बांधायच्या वेळीही आदिवासींना विचारले गेले. मोठ्या इमारतीची आणि पांढऱ्या कपड्यांची त्यांना भीती वाटते हे कळल्यावर ‘सर्च’च्या शोधग्राम या परिसरातला दवाखाना त्यांच्या गावासारखा, झोपड्यांच्या वळणाचा झाला आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले.

याच जिल्ह्यात १९९५ ते १९९८ या काळात नवजात बालकांवर घरी उपचार करण्याचा प्रयोग झाला. थोडे शिकलेल्या गावच्या बायका आरोग्यदूत झाल्या. त्या बाळाचे वजन करत, ताप पाहत, श्वास मोजत, गुदमरलेल्या बाळाला श्वास देत, आणि जंतुदोषाची ठरलेली लक्षणे दिसली तर आईवडिलांच्या संमतीने जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देत. ३९ गावांत हे काम झाले आणि ४७ गावांशी तुलना केली गेली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंमध्ये ६२ टक्के घट दिसली. डिसेंबर १९९९ मध्ये या प्रयोगावरचा निबंध प्रसिद्ध झाला. अर्धशिक्षित बाईच्या हाती सुई देणे म्हणजे जिवाशी खेळ, हा आक्षेप जबाबदार डॉक्टरांनी घेतला होता आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे उत्तर आकड्यात आहे, तसे रचनेतही आहे. त्या बाईला सगळे वैद्यक शिकवले नव्हते. मोजकी लक्षणे, ठरलेली मात्रा, प्रत्येक भेटीची नोंद आणि नियमित देखरेख अशी चौकट होती. त्या गावांत आजारी बाळाला डॉक्टर मिळण्याची शक्यताच फार थोडी होती. दुसरा आक्षेप डावीकडून येतो आणि मला तो अधिक गंभीर वाटतो: शहराला तज्ज्ञ आणि आदिवासी पाड्याला आठवी पास बाई, हा कुठला न्याय? आरोग्यदूताचे निमित्त करून सरकारने प्राथमिक आरोग्य केंद्रातली डॉक्टरची जागा रिकामी ठेवली तर तो अन्यायच आहे. पण शिकलेली आरोग्यसेविका गावात असली की डॉक्टरची मागणी कमी होत नाही, वाढते. कोणते बाळ आपल्या आवाक्याबाहेरचे आहे हे तिला कळते, आणि रुग्णवाहिका का आली नाही हे विचारणारी पहिली व्यक्ती तीच असते.

हे फक्त खेड्यापुरते असते तर विषय इथेच आटोपता आला असता. पण मोठ्या रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहातही हीच गोष्ट दिसते. जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेपूर्वी पडताळायची एक यादी तयार केली. रुग्ण कोण, शस्त्रक्रिया कोणत्या बाजूची, प्रतिजैविक दिले का, हे मोठ्याने विचारायचे आणि सगळ्यांनी आपले नाव व काम सांगायचे. म्हणजे सर्वांत कनिष्ठ परिचारिकेलाही ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार मिळतो. नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ही यादी वापरली गेली तेव्हा मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आणि गुंतागुंतीचे ११ वरून ७ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले. पुढे कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात तीच यादी शंभरावर रुग्णालयांना लागू झाली आणि २०१४ च्या अभ्यासात मृत्यूंमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. याची कारणे संशोधकांनी अनेक परींनी मांडली आहेत. मला त्यातले हे पटते की वरून हुकूम आला म्हणून खुणा करणे आणि कनिष्ठाचे ऐकण्याची तयारी असणे यात फार अंतर आहे. मुख्य सर्जन वेळ जातो म्हणून वैतागत असेल तर परिचारिका रकान्यात बरोबरची खूण करते आणि गप्प राहते. सामावून घेण्याचे सोंग आणता येते, कागद पूर्ण होतात, फक्त रुग्णाला त्याचा उपयोग होत नाही. इथे नेत्याच्या सच्चेपणाचा संबंध थेट मृत्युदराशी येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार जगात आरोग्यसेवेतल्या मनुष्यबळात सुमारे ७० टक्के स्त्रिया आहेत आणि वरिष्ठ पदांवर त्या २५ टक्के आहेत. बोलायचा धीर कोणाला होतो आणि कोणाला होत नाही, हे त्या दोन आकड्यांवरून कळते.

साथीच्या काळात चर्चा कसली करता, तेव्हा एकाने हुकूम द्यावा आणि बाकीच्यांनी पाळावा, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांनी पुण्याचा १८९७ चा प्लेग आठवावा. साथरोग कायदा फेब्रुवारीत आला, रँड या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि गोरे सोजीर घरोघर झडत्या घेऊ लागले. रुग्णांना वेगळे काढणे वैद्यकीयदृष्ट्या अगदीच चुकीचे नव्हते. पण देवघरात बूट घालून शिरणाऱ्या, बायकांना रस्त्यावर तपासणाऱ्या व्यवस्थेवर लोकांनी विश्वास ठेवला नाही. त्यांनी रुग्ण लपवले. २२ जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच साथीत सावित्रीबाई फुले आणि डॉक्टर असलेले त्यांचे पुत्र यशवंत हे पुण्याबाहेर रुग्णांची शुश्रूषा करत होते आणि १० मार्चला सावित्रीबाई प्लेगनेच गेल्या. सोजिराला बघून दार लावणारी वस्ती शुश्रूषा करणाऱ्याला दार उघडते. २०२० मध्ये धारावीत मुंबई महापालिकेने घरोघर तपासणीसाठी तिथल्याच खाजगी डॉक्टरांना बरोबर घेतले, कारण वस्तीचा विश्वास त्यांच्यावर आधीपासून होता. तातडीच्या वेळी हुकूम लागतो, हे मान्य. तो पाळला जाईल की नाही हे मात्र साथ येण्याच्या कितीतरी आधी ठरलेले असते.

आणखी एक आक्षेप प्रामाणिक माणसेच घेतात. आरोळे किंवा बंग शतकात एखादे जन्मतात, त्यांच्या तेजावर व्यवस्था चालत नाही. यात तथ्य आहे, आणि या संस्थांकडे आदराने पाहतानाही एक गोष्ट बोलली पाहिजे. आपल्याकडच्या नामवंत आरोग्यसंस्थांची सूत्रे पुष्कळदा संस्थापकांच्या पुढच्या पिढीकडे गेली आहेत. ती मुले लायक आहेत, मेहनती आहेत, आणि कठीण काम पुढे चालवणे ही लहान गोष्ट नाही. तरीही ज्या विचाराने निरक्षर बाईला आरोग्यसेविका केले, त्याच विचाराने तिची मुलगी संस्थेच्या संचालकपदापर्यंत पोचावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. नेत्याने आपल्या हयातीत दुसऱ्या फळीला किती अधिकार दिला यावरच त्याचे मोजमाप व्हावे. पण ही रीत व्यवस्थेत उतरतच नाही असे म्हणणाऱ्यांना एक सांगावे लागेल की ती उतरली आहे, फक्त अर्धी.

तो अर्धा भाग म्हणजे आशा, गावातलीच आरोग्य स्वयंसेविका. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि साधारण हजार वस्तीमागे एक, अशा देशभर दहा लाखांच्या आसपास आशा उभ्या राहिल्या. महाराष्ट्रात त्या सत्तर हजारांच्या घरात आहेत. २०११ मध्ये नवजात बालकांसाठी घरभेटींचा राष्ट्रीय कार्यक्रम आला, त्यामागे गडचिरोलीचा प्रयोग होता. आशाने बेचाळीस दिवसांत सहा-सात भेटी द्यायच्या, त्याचे २५० रुपये. राष्ट्रीय कार्यक्रमाने घरभेट घेतली, वजनकाटा घेतला, तापमापक घेतला. सुई मात्र आशाच्या हाती दिली नाही. त्यामागे सुरक्षिततेची काळजी असेल, ती समजू शकते. पण वेतन, पद आणि निर्णय याही गोष्टी दिल्या नाहीत, त्याचे समर्थन कसे करणार? कागदोपत्री आशा ही स्वयंसेविका, तिला मिळतो तो मोबदला, तोही बराचसा कामागणिक. करोनाच्या काळात घरोघर फिरून ताप मोजणारी, शिव्या खाणारी तीच होती. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा जागतिक आरोग्य नेतृत्वाच्या पुरस्काराने गौरव केला. त्याआधी २०२१ मध्ये आणि त्यानंतर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या आशा आणि त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक मोबदल्यासाठी संपावर होत्या. जगाने जिला नेता म्हटले, तिला आपल्या राज्यात कर्मचारी म्हणवून घेण्यासाठी रस्त्यावर बसावे लागले, ही गोष्ट आपण शांतपणे वाचून पान उलटावे इतकी क्षुल्लक नाही. मोबदल्यात पुढे वाढ झाली. दर्जा तोच राहिला.

यावर उपाय शोधायला दूर जावे लागत नाही. २००७ पासून महाराष्ट्रातल्या पाच जिल्ह्यांत, अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे इथे, आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावाने आपल्या उपकेंद्राचे आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे प्रगतिपुस्तक भरायचे आणि जनसुनवाईत वैद्यकीय अधिकाऱ्यासमोर ते मांडायचे. औषधे बाहेरून का आणायला लावली, बाळंतपणाला पैसे का घेतले, पाड्यावर परिचारिका का येत नाही, हे प्रश्न तिथे उघड विचारले गेले. पहिल्यांदा डॉक्टरांना तो अपमान वाटला. पण जिथे अधिकारी बसून राहिला आणि ऐकत राहिला तिथे त्यालाही आपली अडचण, रिकामी पदे आणि न आलेला औषधसाठा, लोकांसमोर मांडता आली, आणि वरच्या कार्यालयाला जाब विचारताना गाव त्याच्या बाजूने उभे राहू शकले. अशा सुनावण्या प्रत्येक तालुक्यात, दरवर्षी, निधीच्या तरतुदीसह झाल्या पाहिजेत. आशांना नियमित वेतन आणि त्यांच्यातून परिचारिका, आरोग्यसेविका होण्याची वाट राज्य सरकारने द्यावी. आणि जिल्ह्याचा आरोग्य आराखडा ज्या बैठकीत ठरतो तिथे किमान दोन आशा आणि एक गटप्रवर्तक मताच्या अधिकाराने बसाव्यात. आपापल्या जिल्हा परिषद सदस्याला आणि आमदाराला ही मागणी लेखी कळवणे वाचकांच्या हातात आहे. अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या आधी ती कळवावी.