वैद्यकीय सहाय्यक : कार्य, कर्तव्ये व प्रमाणपत्राचा प्रश्न (नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या संदर्भात)

प्रस्तावना : डॉक्टरांच्या देखरेखीखाली दवाखान्यातील कार्यालयीन व रुग्णसेवेची प्राथमिक कामे करणारी व्यक्ती म्हणजे वैद्यकीय सहाय्यक होय. अमेरिकेत या व्यवसायाची राष्ट्रीय संघटना १९५६ पासून कार्यरत असून परीक्षेनंतर मिळणाऱ्या तिच्या प्रमाणपत्राचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. महाराष्ट्रातील खाजगी दवाखान्यांत हे नाव रूढ नाही; काम मात्र रोज चालते.

नांदेडच्या डॉक्टर्स लेनमध्ये काय किंवा लातूरमध्ये काय, लहान दवाखान्यात रुग्णाची पहिली गाठ बहुधा कंपाउंडरशी पडते. नावनोंदणी, वजन, ताप व रक्तदाब मोजणे, जुने कागद डॉक्टरांपुढे ठेवणे, उपकरणांचे निर्जंतुकीकरण, गोळ्या केव्हा घ्यावयाच्या हे समजावणे ही त्याची कामे होत. देगलूर-बिलोलीकडील रुग्ण तेलुगू, उदगीर-निलंग्याकडील कन्नड, तर किनवट भागातील गोंडी वा कोलामी बोलणारा असू शकतो. त्याचे दुखणे डॉक्टरांपर्यंत नेमके पोहोचविणे हेही महत्त्वाचे कर्तव्यच आहे, जरी ते कर्तव्यांच्या यादीत सहसा येत नाही.

निदान करणे व औषध ठरविणे ही कामे सहाय्यकाची नव्हेत. औषधनिर्माणशास्त्र अधिनियम, १९४८ च्या कलम ४२ नुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध तयार करून देण्याचा अधिकार नोंदणीकृत औषधनिर्मात्यासच आहे. डॉक्टरांनी स्वतःच्या रुग्णास औषध देण्यापुरती सूट आहे. म्हणजे ‘कंपाउंडर’ या नावातच जे काम सूचित होते, ते स्वतंत्रपणे करण्याचा अधिकार त्यास नाही!

शासकीय उपकेंद्रातील एएनएमची स्थिती वेगळी आहे. तिचे शिक्षण ठरलेले असते व परिचर्या परिषदेकडे तिची नोंदणी होते. कंपाउंडर मात्र पाहून पाहून शिकतो. सहयोगी आरोग्यसेवा व्यवसायांसाठी २०२१ मध्ये केंद्रीय कायदा झाला. त्याच्या परिशिष्टात ‘फिजिशियन असोसिएट’चा समावेश आहे, कंपाउंडरचा नाही. सहयोगी व्यावसायिकासाठी किमान २००० तासांचे शिक्षण या कायद्याने आवश्यक ठरविले आहे.

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील महाविद्यालयांनी याची दखल घेणे अगत्याचे आहे. सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू करणे सोपे असते. परंतु कंधार वा औशाच्या विद्यार्थ्याने शुल्क भरून मिळविलेल्या कागदावर नोंदणी होणार नसेल, तर ती त्याची फसवणूकच ठरेल. म्हणून प्रवेशाची जाहिरात देण्यापूर्वी अध्ययनाचे तास, रुग्णालयातील प्रत्यक्ष काम व संबंधित परिषदेची मान्यता या बाबी लेखी निश्चित कराव्यात आणि त्या माहितीपत्रकात छापाव्यात.