पालथी बादली

2023 ची दिवाळी आम्ही उभयतांनी न्यू जर्सीला मुलाकडे केली. नरकचतुर्दशीला पहाटे नातवाला तेल-उटणे लावून ऊन ऊन पाण्याने न्हाऊ घालायचे, हा बेत पुण्याहून निघतानाच ठरला होता.

मुलाच्या घरामागे लाकडी ओट्यावर ‘हॉट टब’ होता. पाच-सहा माणसे मावतील असा गरम पाण्याचा हौदच म्हणा ना! आत बसायला बाके, भोवती फवारे, वर घडीचे जाड झाकण. मला वाटले, अभ्यंगस्नानाला याहून झकास सोय ती कोणती?

“बाबा, तो नाही हं यात बसायचा,” सूनबाई म्हणाली. “चारच वर्षांचा आहे अजून.”

“अगं, याचा बाप बंबाच्या पाण्यावर वाढला!”

“ते पाणी तांब्याने अंगावर घ्यायचं, बाबा. त्यात गळ्यापर्यंत बुडून नाही बसायचं.”

खरे सांगतो, मला राग आला. आम्ही काय मुले वाढवली नाहीत?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटाच टबात बसलो. बाहेर आलो तो झाकणाची अर्धी घडी तशीच उघडी ठेवून. संध्याकाळी पुन्हा बसायचेच होते! मागचे दारही नुसते लोटले. आत चहा घेत असताना सौ.ने विचारले, “बाळ कुठाय हो?”

सूनबाई उठली ती धावतच. नातू टबाच्या पायरीवर चढून, पोट काठावर टेकवून, पाण्यात पडलेले पिवळे बदक काढायला वाकला होता. पाय अधांतरी! तिने त्याला मागून उचलले आणि छातीशी धरून तशीच ओट्यावर बसली. मला एक शब्दही बोलली नाही. तिने बोलायला हवे होते, असे मला आजही वाटते.

रात्री मीच विषय काढला. मग तिने सारे समजावून दिले. टबाचे पाणी 40 अंश सेल्सिअसच्या वर कधीही नेऊ नये, असे अमेरिकेतील ग्राहक-सुरक्षा आयोग सांगतो. ही मर्यादा मोठ्या माणसांची. मुलाचे अंग लहान, ते चटकन तापते. आणि पाण्यात बुडालेल्या अंगाला घाम येऊन निववायला वाव नसतो. म्हणून पाच वर्षांखालील मुलांना टब वर्ज्य. मोठ्या मुलांना पाणी कोमट करून, थोडाच वेळ, आणि मोठे माणूस हाताच्या अंतरावर. लांब केस वर बांधलेले हवेत, कारण तळाशी पंप पाणी ओढून घेत असतो.

त्या ओढीची कथा ऐकून तर माझी झोपच उडाली. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात ग्रेम 2002 साली अशाच टबात गेली. पोहणारी मुलगी! पण तळाच्या जाळीने तिला ओढून धरले. आईला ती सुटेना; दोन पुरुषांनी जोर लावला, तेव्हा जाळी मोडून सुटली. फार उशीर झाला होता. आईने पुढे पाठपुरावा केला आणि 2007 साली ग्रेमच्या नावाने कायदा झाला. सुरक्षित घडणीच्या जाळ्या त्यामुळेच सक्तीच्या झाल्या.

चतुर्दशीला नातवाचे अभ्यंगस्नान न्हाणीघरातच झाले. सूनबाईने कोपर बुडवून पाणी पाहिले, मी तांब्याने घातले. उटण्याचा वास तोच, नातवाचा आरडाओरडाही तोच! टबाच्या झाकणाच्या कड्या रोज रात्री मी जातीने लावू लागलो.

आपल्याकडे टब कुठे, असे म्हणाल. पण गीझर आहे, आणि भरलेली बादली तर घरोघर आहे. 60 अंशांचे पाणी तान्ह्याची कातडी क्षणात भाजते. दोन-तीन इंच पाण्यातही रांगते मूल बुडते, आणि बुडताना हाक मारत नाही. तेव्हा बादलीत आधी गार पाणी, मग कढत. आणि मूल न्हात असताना फोन वाजला तर खुशाल वाजू द्यावा.

“अमेरिकेहून काय आणलंत?” असे शेजारी विचारतात. सौ. त्यांना आमच्या न्हाणीघरातली रिकामी, पालथी घातलेली बादली दाखवते.